एक्केचाळीस ठोके

लिफ्ट थांबते ती ब्रेक लावल्यामुळे, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ब्रेक कायमच लागलेला असतो. मोटरीला वीज मिळाली की त्या विजेनेच ब्रेकचे जबडे उघडतात आणि मग लिफ्ट हलते; वीज गेली की जबडे आपोआप मिटतात. चोवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सांगायचाही कंटाळा आलेला असतो. पण पुढे जे झालं त्यात नेमकी हीच गोष्ट त्याच्या वेळेवर लक्षात आली नाही, म्हणून आधी सांगून ठेवलेली बरी.

कामावर त्याला सगळे वैद्य म्हणत. मशीन रूममध्ये शिरला की हत्यारांची पेटी उघडण्याआधी तो मोटरीच्या अंगावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि बेअरिंग गेलंय की दोर ओढ धरत नाही, ते सांगायचा. दहापैकी नऊ वेळा ते खरं निघायचं. त्याचा जोडीदार त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, जिभेचा तिखट. तो खाली जिन्यातून ओरडायचा, "वैद्यबुवा, रोगी जगणार ना? पाचव्या मजल्यावरच्या आजी तिसऱ्यावर येऊन बसल्यात."

घरी वैद्य दुसरी नाडी बघायचा. रोज सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तो मुलीच्या खोलीत स्टूल नेऊन बसायचा. दिवा लावायचा नाही, दाराबाहेरच्या दिव्याचा उजेड पुरायचा. मुलीने डोळे उघडायचे, पण उठायचं नाही, बोलायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. नुसतं मनगट पांघरुणाबाहेर काढायचं. तो तीन बोटं टेकवून, घड्याळाच्या काट्याकडे बघत, पूर्ण एक मिनिट मोजायचा आणि आकडा वहीत टिपायचा. सहा वर्षांत सहा वह्या भरल्या. ताप, परीक्षा, भांडण, काहीही असो, मनगट बाहेर यायचं. पुढेपुढे तर मुलगी झोपेतच हात पुढे करायची.

मुलीला मैदानावर भिंगरी म्हणत. तेराव्या वर्षी शाळेच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे पळाली आणि शर्यत संपल्याचं कुणी सांगितलं नाही म्हणून आणखी एक फेरी मारून आली, तेव्हा हे नाव पडलं. नाव ठेवणारे सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गुडघा कामातून गेलेला, पण तीस वर्षं मुलांना पळवण्याचा अनुभव. नाडीचा नियम त्यांचाच. त्यांनी वैद्याला मैदानाच्या पायरीवर बसवून समजावलं होतं की, पळण्याच्या सरावाने हृदय ताकद धरतं, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, मग त्याला कमी ठोक्यांत भागवता येतं. त्यामुळे सरावात असलेल्या मुलीची सकाळची नाडी महिन्यामहिन्याने उतरत जाते. एखाद्या सकाळी ती पाच-सहाने चढलेली दिसली, तर आदल्या दिवसाचा शीण अंगात आहे असं समजायचं आणि पळवायचं नाही. सरांनी ते एका ओळीत बांधून दिलं होतं: चढली तर थांब, उतरली तर चाल.

तेराव्या वर्षी नाडी बहात्तर होती. पंधराव्या वर्षी चौसष्ट, सोळाव्या वर्षी पंचावन्न. अठरावं लागलं तेव्हा अठ्ठेचाळीस. वैद्याची बायको इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि घरातल्या कुठल्याच कौतुकावर तिचा फारसा विश्वास नव्हता. "वय वाढतंय तसे ठोके उतरतायत," ती म्हणायची. "लग्नापर्यंत शून्यावर येतील. मग बसा बाप-लेक वही घेऊन."

वैद्याला हे हसण्यावारी नेता यायचं नाही, त्याला कारण होतं. त्याचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी हृदयाने गेले. शेवटचं वर्षभर त्यांची छाती बसल्या जागी धडधडायची. सोळा वर्षांच्या मुलाला आईने त्यांच्या उशाशी बसवलं होतं, मनगट धरून. एकशे बारा. एकशे अठरा. एकदा एकशे तीस. त्या बोटांना तेव्हापासून ठाऊक होतं की धावणारं हृदय घर बुडवतं. त्यामुळे मुलीच्या वहीतला प्रत्येक उतरलेला ठोका त्याला कुणीतरी तिच्या आयुष्यात जमा करून टाकल्यासारखा वाटायचा.

भिंगरी एकोणीस वर्षांची झाली त्या वर्षी गोष्ट एका आकड्यावर येऊन ठेपली. तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्या, नऊ मिनिटं पंचेचाळीस सेकंद. तेवढ्या वेळात जो पळेल त्याला क्रीडा केंद्राच्या निवासी शिबिरात जागा. राहणं, जेवण, उत्तम प्रशिक्षक, बाजूला कॉलेज. वयोगटातली ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात जाणार आणि तिथली वेळ तिच्या आवाक्यातली नव्हती. भिंगरीची सर्वोत्तम वेळ होती नऊ एक्कावन्न. सहा सेकंद कमी करायचे होते आणि हातात चौदा आठवडे होते. वैद्याने हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून रंगाने ९:४५ असं लिहिलं.

नेमकं तेव्हाच सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ते चार महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात बहिणीकडे गेले. जाताना त्यांनी आठवड्याचं वेळापत्रक लिहून दिलं आणि बाकी फोनवर बोलू म्हणाले. वैद्याने वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. दोन आठवडे ते जसंच्या तसं पाळलं. मग त्याला वाटलं, सहा सेकंद म्हणजे काही थोडे नाहीत. त्याने संध्याकाळचं पळणं वाढवलं. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर दहाऐवजी सोळा वेळा. रविवारची सुट्टी गेली. आठवड्याला सत्तर किलोमीटर होते ते एकशे पाचवर गेले. मुलीने तक्रार केली नाही. तिलाही ते सहा सेकंद हवे होते, बापापेक्षा जास्तच.

सहाव्या आठवड्यात नाडी चढली. अठ्ठेचाळीसवरून त्रेपन्न, मग पंचावन्न, छप्पन्न. भिंगरीला झोप लागेना. आईवर खेकसायला लागली, ताटातलं अर्धं टाकून उठायला लागली. वैद्याने नियमाप्रमाणे सरांना फोन केला. सर म्हणाले, आठ दिवस बूट बांधायचे नाहीत. वैद्याने दोन दिवस बूट कपाटावर ठेवले. तिसऱ्या सकाळी नाडी चौपन्न आली. छप्पन्नचे चौपन्न झाले म्हणजे उतार लागला, असा अर्थ त्याने काढला आणि तिला मैदानावर नेलं. आठव्या दिवशी सरांचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं की विश्रांती पूर्ण झाली.

आणि नाडी खरंच उतरली. पुढच्या तीन आठवड्यांत बावन्न, एकोणपन्नास, सेहेचाळीस, चव्वेचाळीस. झोपही यायला लागली. नऊ नऊ तास. खेकसणं थांबलं. वैद्याच्या छातीवरचा दगड उतरला. दहाव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी त्याने मोजलं ते एक्केचाळीस निघालं. खात्रीसाठी त्याने पुन्हा एक मिनिट मोजलं. एक्केचाळीसच.

त्या दिवशी त्याने कामावर हे सांगितलं. जोडीदाराने लगेच स्वतःचं मनगट पुढे केलं. ते निघाले चौऱ्याऐंशी. "बघ," तो म्हणाला, "मी तुझ्या पोरीच्या दुप्पट जगतोय. कासव पाळलंयस का घरात?" वैद्य मनापासून हसला. त्या वर्षातलं ते शेवटचं.

कारण वेळ उतरत नव्हती. घड्याळात उलटंच चाललं होतं. दर शनिवारी मैदानावर वेळ लावून पळायचं, तिथे नऊ अठ्ठावन्न आले. पुढच्या शनिवारी दहा सहा. त्याच्या पुढच्या शनिवारी दहा चौदा. भिंगरी सांगायची की पाय रिकामे वाटतात. वैद्य विचारायचा, कुठे दुखतंय? दुखत काहीच नाही. धाप लागते? नाही, लागत नाही. मग? तिला त्याच्या पुढे सांगता यायचं नाही. पहिल्या दोन फेऱ्या ठीक जातात, मग वेग वाढवायचा म्हटलं की आतून काही उठतच नाही, एवढंच ती म्हणाली होती आणि तेही आईला.

वैद्याने यावर त्याच्या पद्धतीने विचार केला. मोटर थंड आहे, बेअरिंगचा आवाज नाही, दोर ताठ आहेत, तरी लिफ्ट हळू चालते. तर दोष यंत्रात नसतो, चालवणाऱ्यात असतो. हृदय एक्केचाळीसवर, म्हणजे सहा वर्षांतलं सर्वोत्तम. याचा अर्थ मुलगी पळत नाही. का पळत नाही, ते शोधायला त्याने तिचा फोन तपासला. त्यात मैत्रिणींचे न उघडलेले निरोप होते, दोन-दोन आठवड्यांचे. त्याला हवं तसं काही सापडलं नाही, आणि जे सापडलं ते काय आहे हे त्याला कळलं नाही.

बायकोला दिसत होतं. तिने एका दुपारी इस्त्रीची पाळी संपवून आल्यावर, चप्पलही न काढता, नवऱ्याला विचारलं, "अहो, पोरगी तास तास भिंतीकडे तोंड करून बसते. ते तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिता?"

वैद्य म्हणाला की आकडा खोटं बोलत नाही.

"पोरगी बोलते का खोटं?"

 त्याच संध्याकाळी त्याने चढावरच्या फेऱ्या सोळाच्या अठरा केल्या.

चाचणीचा दिवस सौम्य होता, वारा नव्हता. चौदा मुली होत्या. वैद्य कठड्याशी उभा राहिला, दोन्ही हातांत एक एक घड्याळ. फेरीला अठ्ठ्याहत्तर सेकंद लागले की काम झालं, हे हिशेबाने भिंगरीलाही पाठ होतं. पहिली फेरी सत्त्याहत्तरात गेली. दुसरी अठ्ठ्याहत्तरात. ती पाचव्या नंबरावर होती आणि पाठीमागून पाहणाऱ्याला तिचं पळणं नेहमीसारखंच दिसत होतं. तिसरी फेरी ऐंशी. मग चौऱ्याऐंशी. मुली एक एक करून तिच्या बाजूने पुढे गेल्या. कुणी गेली की पूर्वी तिचे खांदे बदलायचे. आता काहीच बदललं नाही. शेवटच्या फेरीला ती एकटी मागे होती. पडली नाही, अडखळली नाही, रडली नाही. दहा मिनिटं एक्केचाळीस सेकंदांनी तिने रेघ ओलांडली, सर्वांत शेवटी. पहिल्या आलेल्या दोघी गवतावर आडव्या होऊन हवेसाठी तडफडत होत्या. भिंगरी चालत कठड्यापर्यंत आली आणि सवयीप्रमाणे तिने मनगट बापाच्या पुढे धरलं.

त्याने पंधरा सेकंद मोजले. अडतीस. म्हणजे मिनिटाला एकशे बावन्न. पूर्वी अशा शर्यतीनंतर तिची नाडी एकशे नव्वदच्या खाली कधी आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एकदा एकशे अठ्ठ्याण्णव टिपली होती, ती वहीत लाल पेनाने होती. वैद्याने मनगट सोडलं.

"तू धावलीसच नाहीस," तो म्हणाला.

शेजारी दुसऱ्या मुलींचे आईवडील उभे होते. भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, याच्यापेक्षा जास्त मला येत नाही."

"एकशे बावन्न. मी मोजलंय."

"मग बरोबर असेल," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली घेऊन एकटी बाहेर गेली.

केंद्रात खेळाडूंसाठी एक डॉक्टरबाई होत्या. चार दिवसांनी त्यांची वेळ मिळाली. बायकोला वाटलं, अखेर नवऱ्याचे डोळे उघडले. तसं नव्हतं. यादी जाहीर व्हायला आठ दिवस बाकी होते आणि वैद्याच्या डोक्यात एकच होतं: डॉक्टरने लिहून द्यावं की मुलीचं शरीर ठणठणीत आहे, अडचण मनाची आहे, ती समजावल्यास सुटेल, मग त्या कागदावर आणखी एक चाचणी मागता येईल. पुरावा म्हणून त्याने हत्यारांच्या पिशवीतून सहाही वह्या नेल्या.

डॉक्टरबाईंनी आधी मुलीला तपासलं. रक्त पाहिलं, त्यात लोह ठीक होतं, थायरॉइड ठीक होतं. हृदयाचा आलेख काढला, त्यातही दोष नव्हता. मग तिला दहा मिनिटं शांत पडवून ठेवलं आणि एकदम उभं केलं. उभं राहिल्यावर ठोके चांगले पंधरा-वीसने उसळायला हवे होते, ते सहाने उसळले. ट्रेडमिलच्या पळत्या पट्ट्यावर वेग वाढवत नेला तर नाडी एकशे अठ्ठावन्नला असताना मुलगी थांबली. दम लागून नाही, पाय उचलेनात म्हणून. एवढं झाल्यावर त्यांनी वह्या घेतल्या. वीस मिनिटं त्या वाचत होत्या. वैद्य समोर ताठ बसला होता. परीक्षकाच्या हातात आपला पेपर असावा आणि तो चांगला गेलेला असावा, तसा.

"इथे छप्पन्न झाली," डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. "तेव्हा काय केलंत?"

वैद्याने सांगितलं. विश्रांतीचे दोनच दिवस सांगितले. मुलगी आणि बायको दोघी तिथे होत्या, आठ म्हणायची सोय नव्हती.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हृदयाकडे येणाऱ्या सगळ्या चेता, म्हणजे मज्जातंतू, तोडून ते एकटं सोडलं, तर मिनिटाला किती ठोके देईल? त्याला माहीत नव्हतं. शंभराच्या आसपास, त्या म्हणाल्या. आपली नाडी सत्तर असते, कारण चेतांची एक जोडी त्याला सतत आवरून धरते. दुसऱ्या चेता त्याला हाकतात. दोन्हींवर आपली सत्ता चालत नाही, त्या आपल्या आपण चालतात. सरावाने हृदय मोठं होतं आणि आवरणारा हात घट्ट होतो, म्हणून खेळाडूची नाडी अठ्ठेचाळीस. पळायला लागलं की आधी आवरणारा हात सुटतो, मग हाकणारा चाबूक उचलतो, तेव्हा कुठे एकशे नव्वद होतात. विश्रांती न देता पळवत राहिलं, की आधी चाबूक खाली ठेवलाच जात नाही, झोपेतही नाही. ते तुमचे छप्पन्न. त्यानंतरही पळवलं, की शरीर चाबकाला दाद द्यायचंच सोडतं. मग उरतो तो नुसता आवरणारा हात.

वैद्य वहीकडे बघत होता. छप्पन्न, चौपन्न, बावन्न, एकोणपन्नास, असा तो उतार त्याच्याच अक्षरात होता.

"म्हणजे ब्रेक सुटतच नाही," तो म्हणाला.

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. तो काय काम करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

 बायको नवऱ्याकडे पाहत होती. जागची न हलणारी लिफ्ट आराम करतेय असं त्याला एखाद्या इमारतीच्या रखवालदाराने सांगितलं असतं, तर त्याने महिनाभर तो किस्सा सगळ्यांना ऐकवला असता.

मग त्याने शेवटची धडपड केली. एक्केचाळीस तर मोठमोठ्या खेळाडूंचीही असते, हे त्याने वाचलं होतं. असते, डॉक्टरबाई म्हणाल्या. या सगळ्यात अजून न कळलेलं पुष्कळ आहे, आणि सगळ्यांत हे असंच दिसेल असंही नाही. "पण एक्केचाळीस ही तयारीच्या खेळाडूची नाडी आहे की पार थकलेल्याची, हे नाडीवरून कळत नाही. ते खेळाडूलाच विचारावं लागतं. काय म्हणत होती ही?"

"पाय रिकामे वाटतात म्हणत होती."

"कधीपासून?"

त्याने वही चाळली. दोन पानं मागे गेला, चार पानं पुढे आला. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. भिंगरी बाजूच्या खुर्चीवर होती. तिने तारीख सांगितली.

किती दिवस लागतील, हे त्याने विचारलं. दिवस नाहीत, महिने. सहा म्हणा, जास्तही लागतील. पळायचं नाही, हलकं चालायचं, झोपायचं, खायचं. पुन्हा पूर्वीसारखी पळेल का? काही जण पळतात. काही परत तिथवर येत नाहीत. याहून पक्कं सांगितलं तर ती थाप होईल, असं त्या म्हणाल्या. सकाळची नाडी चालू ठेवा, पण शेजारी आणखी रकाने आखा: झोप कशी लागली, भूक कशी आहे, कसं वाटतंय. हे मुलीने सांगायचं आणि ती सांगेल ते लिहायचं.

त्यानंतरचे आठ दिवस वैद्य सकाळी कामावर गेला आणि दुपारी केंद्राच्या कार्यालयात. निवड समितीच्या सचिवापुढे त्याने सगळं मांडलं. चूक माझी, शिक्षा तिला का, असंही म्हणून पाहिलं. एका महिन्याने चाचणी घ्या, नाही, दोन महिन्यांनी घ्या. सहा म्हटल्यावर त्याच्याच लक्षात आलं की आपण काय मागतोय. सचिव भला माणूस होता. त्याने पाणी दिलं, बसायला दिलं. पण शिबिर तीन आठवड्यांत सुरू होणार होतं आणि जागा बारा होत्या. यादी लागली ती वैद्याने भिंतीपाशी उभं राहून दोनदा वाचली. नसलेलं नाव शोधायला एकदा पुरलं असतं.

सरांना त्याने फोनवर सांगितलं. आठ दिवसांबद्दल आपण खोटं बोललो होतो, हेही सांगितलं.  

"वैद्य," सर म्हणाले, "मी तुम्हाला नियम अर्धाच दिला. मला तेवढाच येत होता."

त्याला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत.

डॉक्टरबाईंकडून आल्याच्या दुसऱ्या सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तो स्टूल घेऊन मुलीच्या दाराशी गेला, तर दाराला आतून कडी होती. त्या दाराला कडी आहे हेच तो विसरला होता. त्याने दार वाजवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने हलकेच वाजवलं. आतून आवाज आला की हात देणार नाही. बायकोने मधे पडून तोड काढली: मुलगी स्वतः मोजेल आणि आतून सांगेल, याने बाहेर लिहायचं. "आणि बाकीचे रकाने?" वैद्याने विचारलं. "ते तिला विचारा," बायको म्हणाली. "मला काय विचारता?"

तेव्हापासून तो दाराबाहेर स्टूलवर बसतो. आतून आकडा येतो. बेचाळीस. बेचाळीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस. सहा वर्षं जो माणूस एकेक ठोका उतरायची वाट पाहायचा, तो आता चढायची पाहू लागला. पाचव्या आठवड्यात पंचेचाळीस ऐकून तो कामावर दिवसभर काहीच बोलला नाही. जोडीदाराने विचारलं तर म्हणाला, वीज येतेय. जोडीदाराला वाटलं, समोरच्या पॅनेलबद्दल बोलतोय, आणि त्याने हात मागे घेतला.

भिंगरी दुपारी आईबरोबर लाँड्रीत चादरींच्या घड्या करायला जाऊ लागली. जाताना टाकीच्या चढावरून जावं लागतं. ती तो रस्ता टाळून लांबून जाते, असं बायकोने सांगितलं. बूट कपाटावरच आहेत. त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. बापाशी ती भांडत नाही, अबोलाही धरत नाही. ताट वाढते, डबा भरते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. वैद्याने पेटीच्या झाकणातला आकडा खरवडून काढायचा प्रयत्न केला. रंग चांगल्या प्रतीचा होता, निघाला नाही.

अकराव्या आठवड्यात दारामागून बावन्न आलं. दुसऱ्या दिवशी बावन्न. तिसऱ्या दिवशीही. सहा वह्या भरणाऱ्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती: खरी नाडी अशी राहत नाही. ती एकाने हलते, दोनाने हलते, पावसाळी दिवशी वेगळी असते, वाईट स्वप्न पडलं तर वेगळी. पाचव्या दिवशी बावन्न. सातव्या दिवशी बावन्न, आणि हा सातवा आकडा तर त्याचं स्टूल जमिनीला टेकताक्षणीच आला. एक मिनिट मोजायला एक मिनिट लागतं.

नवव्या सकाळी तो बसला. आतून "बावन्न" आलं. त्याने बावन्न लिहिलं. पुढचा रकाना झोपेचा होता. पेन त्यावर टेकवून तो थोडा थांबला, मग दाराकडे तोंड करून त्याने विचारलं, "झोप लागली का गं?"

आतून काही आलं नाही. पलंग एकदा वाजला, कूस बदलल्यासारखा.

त्याने पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत वाट पाहिली. मग रकाना कोरा ठेवून वही मिटली, स्टूल जागेवर ठेवलं आणि पेटी उचलून कामावर गेला. त्या दिवशी बारा मजल्यांच्या एका इमारतीत ब्रेकची मासिक तपासणी होती.